खाटेखालच्या बॅटऱ्या

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी देवमन गावंडे पोटावर झोपून खाटेखाली शिरला होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते आणि ॲसिडने जागोजागी भोकं पडलेली पँट. खाटेच्या चारही बाजूंनी गोधड्या जमिनीला टेकतील अशा सोडलेल्या होत्या. त्यातली एक त्याने वर सारून खाटेवर टाकली होती. टॉर्चच्या उजेडात शेजारी शेजारी दोन उंच बॅटऱ्या उभ्या होत्या. टर्मिनलवर पांढरा-हिरवट चुरा जमला होता. वास आंबट होता, नाकात चढणारा.

"चंद्रभानभाऊ, ह्या अठी कशा आल्या?" त्याने खालूनच विचारलं.

"आनल्या."

"म्या तं ओट्यावर ठेवल्या होत्या. पेटीत."

"ओट्यावरून शेजारच्याची गेली ना भाऊ. रातोरात. पेटी तेवढी ठेवली चोट्यानं." चंद्रभान दारात उभा होता. हातात न पेटवलेली बिडी. देवमनने आल्या आल्या ती पेटवू दिली नव्हती. "मंग म्या अन् माह्या साळ्यानं मिळून आत घेतल्या. गोधड्या सोडल्या, म्हनजे आल्या-गेल्याले दिसू नये."

पातूरच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी चंद्रभानचं वावर आहे. विजेचे खांब गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत येऊन थांबतात. नाल्याच्या या बाजूला ज्याला उजेड हवा त्याने आपला आपण करायचा. चंद्रभानने तीन वर्षांपूर्वी केला. टिनावर सौर पॅनल, खाली दोन बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर. त्यावर दोन दिवे, एक पंखा, मोबाइलचं चार्जिंग आणि कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं मशीन चालतं. यातलं मशीन सगळ्यात महत्त्वाचं. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही डोंगरातून उतरतात, आणि तारेत झटका नसेल तर एका रात्रीत अर्धं वावर झोपवून जातात. म्हणून दसऱ्याला चंद्रभान आणि त्याची बायको गोदाबाई गावातलं घर बंद करून वावरातल्या खोलीत राहायला येतात. हरभरा निघेपर्यंत तिथेच.

देवमन त्या बॅटऱ्यांसाठी आला होता, पण बोलावलं होतं चंद्रभानच्या मुलीने. प्रणाली अकोल्यात एका शाळेत विज्ञान शिकवते. तिने आदल्या संध्याकाळी फोन केला होता.

"काका, आईचा खोकला थांबत नाहीये. मागच्या रविवारी मी गेले तर खोलीत तो वास होता. बॅटरी चार्ज होताना वायू सुटतो, हे मी पोरांना शिकवते. इथं माझीच आई त्यावर झोपते. तुम्ही खोली बघा आणि तिथं राहता येतं की नाही तेवढं सांगा. नाही म्हणालात तर उद्याच मी तिला घेऊन जाते. बाबा माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

सकाळी मोटरसायकल उभी करताच चंद्रभाननेही आपलं म्हणणं सांगून टाकलं होतं. "पोरीचा फोन आला असंन तुले. तू सब ठीक हाये म्हन. बाकी मी पायतो. ही गेली तं मले एकट्याले अठी राहता येत नाई. रात्री मले ऐकू येत नाई, भाकर मले जमत नाई. म्हनजे हरभरा डुकराईच्या नावानं."

गोदाबाईला तिचं म्हणणं कोणी विचारलं नव्हतं. ती चुलीशी बसून चहा गाळत होती आणि मधूनमधून खोकत होती.

देवमन अठ्ठावन्न वर्षांचा आहे. पातूरला बसस्टँडजवळ त्याचं बॅटरीचं दुकान आहे. पोरवयात तो अकोल्यात एका दुकानात ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करायला लागला, तेव्हापासून हाच धंदा. ॲसिडने त्याच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या आहेत. रेशनच्या दुकानात मशीन त्याचा अंगठा घेत नाही, म्हणून धान्य आणायला बायको पार्बताबाई जाते. भारनियमनाच्या वर्षांत त्याने शहरातल्या घराघरांत इन्व्हर्टर बसवले. आता शहरातलं ते काम कमी झालं आणि रानातलं वाढलं. रानातल्या कामात बॅटरी जोडायला थोडाच वेळ लागतो. ती कुठे ठेवू नये हे सांगण्यातच दिवस जातो. अंजनगाव सुर्जीकडच्या एका पानमळ्यात त्याला ती खताच्या पोत्यांवर ठेवलेली सापडली होती. भातकुलीकडे एकाने पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवली होती, गार राहते म्हणून. त्याने दोन्हीकडे समजावलं होतं. दोघांनी मान डोलावली होती. पुढच्या खेपेला एकाची बॅटरी पोत्यांवरच होती. दुसऱ्याकडे पुढची खेप झालीच नाही.

खाटेखालून बाहेर यायला त्याला वेळ लागला. आधी एक गुडघा, मग कंबरेवर हात, मग दुसरा. उभा राहिल्यावर त्याने खोलीकडे नीट पाहिलं.

खोली एकच. दार पूर्वेला, दाराबाहेर ओटा. पश्चिमेच्या भिंतीला लागून खाट. उरलेल्या खोलीत कापूस. यंदाचा सगळा वेचा चंद्रभानने विकायचा ठेवला होता, भाव चढेल म्हणून. दक्षिणेच्या भिंतीपासून निघालेला ढीग उत्तरेच्या भिंतीपर्यंत गेला होता आणि तिथली खिडकी अर्ध्यापर्यंत बुजवून बसला होता. त्याचं एक टोक खाटेच्या पायाला टेकलं होतं. वऱ्हाडात घरात कापूस असणं नवं नाही. त्यावर पोरं झोपतात, अंगाला खाज सुटते, आणि भाव आला की घर एकदम मोठं वाटतं.

इन्व्हर्टर खाटेच्या बरोबर वर, भिंतीत ठोकलेल्या दोन खुंट्यांवर होता. त्याला हळदीकुंकू लागलेलं. दसऱ्याच्या झेंडूची माळ वाळून दोरा उरला होता. देवमनने टॉर्च जवळ नेला. इन्व्हर्टरला हवेसाठी ज्या फटी असतात, त्यातल्या एका फटीत उदबत्तीच्या काड्या खोचलेल्या होत्या. जळून उरलेल्या, लाल बुडाच्या, दहा-बारा. फटीखाली राखेचा पट्टा ओघळला होता.

"वहिनी, हे?"

"उदबत्ती हाये," गोदाबाई म्हणाली. "रोज संध्याकाळी दिवा लागला का लावतो."

"ह्याले?"

"मंग? उजेड तोच देते ना. देव्हारा रायला गावात. अठी कोनाले लावू?"

देवमन ओट्यावर जाऊन बसला. गोदाबाईने चहा दिला. त्याने तो बशीत ओतला आणि थंड होईपर्यंत हातात धरून ठेवला. मग जे इतरांना सांगतो तेच सांगितलं, त्याच आवाजात. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून वायू निघतो. तो हलका असतो, वर चढतो. उघड्यावर असेल तर उडून जातो. इथे आधी गोधड्यांत कोंडतो, मग वर जातो. वर इन्व्हर्टर, ज्यात चालू-बंद होताना ठिणगी पडते. ठिणगी पडली नाही तर उदबत्ती आहेच. आणि बाजूला कापूस.

चंद्रभानने बिडी कानावर ठेवली.

"मंग एवढे दिवस काई झालं नाई ते?" गोदाबाईने विचारलं.

"नाई झालं," देवमन म्हणाला. बशी खाली ठेवून तो उठला.

त्याने खोलीभोवती एक चक्कर मारली. जागा शोधायला त्याला चक्कर लागत नाही, पण घरमालकाला दाखवायला लागते. दक्षिणेची भिंत दिवसभर तापते. पश्चिमेची दुपारनंतर तापते, आणि एप्रिल-मेमध्ये तर रात्रीही हात लावू देत नाही. वऱ्हाडच्या उन्हात तापलेली बॅटरी लवकर मरते. पूर्वेला ओटा आहे, पण तो वाटेवरून दिसतो. उरली उत्तरेची भिंत. तिथे सावली, तिथे टिनाची पडवी हातभर पुढे आलेली, आणि तो कोपरा वाटेवरून दिसत नाही. भिंतीला बाहेरून लागून विटांची पेटी बांधायची. खाली दोन विटांचा चौथरा, म्हणजे पावसाचं उडतं पाणी लागणार नाही. तळाशी आणि वर हवेची भोकं, भोकांना उंदरासाठी जाळी. लोखंडी झाकण, कुलूप, साखळी. इन्व्हर्टर मात्र त्या पेटीत नाही, तिथल्या वाफेने तो आतून गंजतो. तो खोलीत, त्याच भिंतीवर पण पेटीपासून बाजूला सरकवून, छातीच्या उंचीला. मधली तार जाड आणि आखूड. भिंतीतलं तारेचं भोक बुजवायचं.

"खिडकी उघडायची," तो म्हणाला. "म्हनजे अर्धा कापूस हलवा लागंन."

"कापूस?" चंद्रभान म्हणाला. "कोन हलवंन?"

"आपन."

तिघांनी कापूस हलवला. त्याआधी देवमनने दार सताड उघडलं, गोधड्या काढून बाहेर झटकल्या आणि वास गेल्याची खात्री होईपर्यंत कोणाला आत येऊ दिलं नाही. मग त्याने पॅनलची तार सोडवली, मग इन्व्हर्टरची, आणि शेवटी बॅटऱ्यांची टर्मिनलं. आधी काळी, मग लाल. एका बॅटरीचं वजन गोदाबाईइतकं. त्याने आणि चंद्रभानने पोत्यावर घेऊन त्या एकेक ओढत ओट्यावर आणल्या. दुसरीच्या वेळी देवमनच्या पाठीत चमक भरली आणि तो बराच वेळ चौकटीला धरून उभा राहिला. चंद्रभान म्हणाला, "बुढा झाला लेका तू." देवमन म्हणाला, "तू तं जवान होऊन राहिला." दोघंही हसले नाहीत.

कापूस हलवणं हे वजनाचं काम नाही, पण ते संपत नाही. पाटीत भरावा, दक्षिणेच्या कोपऱ्यात टाकावा, पायाने दाबावा, तो पुन्हा फुगून खाली घसरतो. गोदाबाईने तोंडाला पदर बांधला होता. तरी ती दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन खोकून येत होती. खिडकी मोकळी झाली तेव्हा तिची कडी गंजून बसलेली निघाली. चंद्रभानने दगडाने ठोकून ती उघडली. खोलीत हवा आली आणि कापसाचे तंतू उडायला लागले.

"आता खाट ह्या भिंतीले लावू," चंद्रभान म्हणाला. "म्हनजे बाहेर पेटीचं झाकन वाजलं का हिले आयकू येईन. इकडून डोकं, इकडून पाय." त्याने हाताने दाखवलं.

गोदाबाईने पाटी खाली ठेवली. "उत्तरेले डोकं? जित्तेपनी?"

"मंग आडवी लाव ना खाट. भिंतीच्या बाजूनं. पूर्वेले डोकं."

"कशीबी लावा. पन झाकनाचा आवाज मीच काहून आयकू?"

"मले आयकू येत नाई म्हनून."

"तुमाले जेवाले बोलावलं का बरोबर आयकू येते."

देवमनने बाहेर विटा रचायला सुरुवात केली होती. खोली बांधताना उरलेल्या विटा गुरांच्या कोठ्यामागे पडून होत्या. सिमेंटची अर्धी बॅग त्याने मोटरसायकलवर मागे बांधून आणली होती. गवंडी बोलवावा तर तो आज म्हणून परवा येतो. देवमन स्वतः बांधतो, ओबडधोबड पण टिकणारं. पेटीच्या भिंती अर्ध्याच्या वर गेल्यावर त्याने पट्टीने उंची मोजली आणि तसाच बसून राहिला. बॅटरीची उंची त्याने धरली होती. वर पाणी भरायला, झाकणं फिरवायला हात जाईल एवढी जागा सोडायची राहून गेली होती. ज्या उंचीला वरची भोकं ठेवली होती तिथे आता बॅटरीची टोपणं येत होती. त्याने ओल्या सिमेंटमधून वरचे दोन थर काढले, विटा खरवडून साफ केल्या आणि पुन्हा रचायला घेतल्या. हे काम तो झोपेतही करू शकतो असं दुकानातले लोक म्हणतात. त्या दिवशी तो जवळजवळ तसंच करत होता.

दीडच्या सुमाराला प्रणाली आली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती अकोल्याहून स्कूटीवर आली होती, चेहऱ्याला ओढणी गुंडाळून. ओट्यावर बॅटऱ्या, अंगणात गोधड्या आणि आईच्या केसांत कापूस. तिने ओढणी सोडली आणि आधी आत जाऊन खोली पाहिली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खुंट्यांवरून उतरवून ठेवलेला इन्व्हर्टर होता. ती त्या काड्यांकडे पाहत होती.

"आई, हे तू?"

"लहानपनी तूच म्हनत होती. लाइट लागला का हात जोडाचे."

"हात जोडायचे, आई. उदबत्ती नाही." ती पायरीवर बसली. तिथूनच तिने देवमनला हाक मारली. "काका, मग सांगा. इथं राहता येतं की नाही?"

चंद्रभान पाणी आणायला निघाला होता, तो हंडा घेऊन तिथेच थांबला. त्याने देवमनकडे पाहिलं आणि मग हंड्याकडे.

देवमन हात धूत होता. नखांतलं सिमेंट निघत नव्हतं. "काल रातपर्यंत येत नोतं," तो म्हणाला. "तुले वास आला तो बरोबर होता. उद्यापासून येईन."

"उद्यापासून?"

"बांधकाम वाळलं का बॅटऱ्या बाहेर. खोली मोकळी. मंग खोलीत भेव नाई."

"आणि तिचा खोकला?"

"ते मले मालूम नाई. वासाचा हाये, का कापसाचा, का ह्याच्या बिडीचा, ते डाक्टरले इचार."

"मला वाटलं तुम्ही सरळ नाही म्हणाल," प्रणाली म्हणाली. "बाबा तुमचं मानतात."

"म्हनलो असतो. पन मंग पेटी कायले बांधली?"

चंद्रभानने हंडा खाली ठेवला. "पाय, म्या सांगतलं होतं. सब ठीक हाये."

"ठीक नव्हतं, बाबा," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही आईला त्याच्यावर झोपवत होतात."

"चोरी झाली असती तं? मंग म्हनली असती, बाबानं राखली नाई."

देवमन पुन्हा पेटीकडे गेला, कारण वरचा थर अजून बाकी होता. मागे बापलेक थोडा वेळ बोलत राहिले. बोलणं तेच होतं, फोनवर रोज होतं ते. त्याने कान दिला नाही. थर पूर्ण करून, भोकांवर जाळी बसवून, ओलं पोतं वर टाकून तो परत आला तेव्हा ओट्यावर एक कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. गोदाबाईने केस विंचरले होते. लुगडं बदललं होतं.

"प्रनालीची माय, कुठी?" चंद्रभान म्हणाला.

"डाक्टरकडं."

"देवमन आताच म्हनला ना, राहता येते."

"राहता येते म्हनलं. राहा म्हनलं नाई." तिने पिशवी उचलून पुन्हा ठेवली. "दसऱ्यापासून तुमच्या बॅटऱ्या राखून राहिली मी. उंदीर पळाला का जागी, कुत्रं भुकलं का जागी. मले मालूम नाई त्याच्यानं खोकला होते का नाई. पन झोप येत नाई एवढं मालूम हाये. आता तुमी राखा."

"अन् मले आयकू आलं नाई तं?"

"साखळी हाये ना झाकनाले. पायाले बांधा अन् झोपा."

प्रणाली हसली, मग थांबली. "कधी येशीन?" चंद्रभानने विचारलं.

"खोकला गेला का. भाकरी करून ठेवल्या हाये, दोन दिवस जातीन. ठेचा डब्यात हाये." मग तिला आठवलं. "अन् उदबत्ती तिकडं, अंगनात, तुयशीपाशी. खोलीत नाई. देवमनभाऊ, तेवढं दूर चालते ना?"

"चालते," देवमन म्हणाला.

स्कूटी नाल्यापलीकडे गेल्यावर चंद्रभानने कानावरची बिडी काढली. देवमनने ओट्यावरच्या बॅटऱ्यांकडे बोट केलं. चंद्रभान उठून पार कोठ्याजवळ गेला आणि तिथे ती पेटवली. परत आल्यावर दोघांनी मिळून खाट बाहेर काढली आणि उत्तरेच्या भिंतीशी, ओल्या पेटीच्या शेजारी लावली. पूर्वेला डोकं येईल अशी. त्या रात्री तारेत झटका नव्हता. चंद्रभानने एक रिकामा तेलाचा डबा आणि काठी खाटेच्या पायाशी ठेवली. डुकरं आली तर वाजवायला. ती आलेली त्याला कशी कळणार, हे देवमनने विचारलं नाही. ओट्यावरच्या दोन्ही बॅटऱ्या पेटीशेजारी आणून खाटेच्या बाजूला ठेवायला त्याने मदत केली. त्यांना आता तारा नव्हत्या, म्हणून उघड्यावर ठेवायला हरकत नव्हती.

निघताना देवमनला मोटरसायकल स्टँडवरून काढायला दोनदा जोर करावा लागला. पार्बताबाईचा फोन येऊन गेला होता. दुकानात तिघं जण वाट पाहून परत गेले होते.

उद्या शनिवार. प्रणालीची शाळा सकाळची आहे, ती साडेदहाला सुटते. अकराला तिला आईला घेऊन छातीच्या डॉक्टरकडे जायचं आहे. त्याआधी आठ वाजता देवमन पातूरहून निघेल, पेटीचं सिमेंट बोटाने दाबून पाहील, आणि ते घट्ट झालेलं असलं तर बॅटऱ्या आत ठेवून तारा जोडेल. आधी लाल, मग काळी.